देव्हाऱ्यातलं कार्ड

“हे कार्ड आहे का हळदीकुंकवाची पुडी?” डॉक्टर मृत्युंजय वैतागलेच.

मुरुडच्या केवळाबाईंनी मान ताठ ठेवली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात डोळ्यात भिंग बसवलं, तेव्हा दवाखान्यानं ते कार्ड दिलं होतं. नजर देणारा कागद! तो काय ट्रंकेत टाकायचा? देव्हाऱ्यात ठेवला, रोज कुंकू लावलं. भिंग कसलं ते सांगणारी अक्षरं पार बुजून गेली. आणि आता तोच डोळा धुरकटला होता. दुसरा तर कधीचाच गेलेला.

डॉक्टर मुलाला, हणमंतला म्हणाले, “भिंग मऊ जातीचं असेल आणि तेच पांढरं पडलं असेल तर काढावं लागेल. या वयात, एकुलत्या एका डोळ्यात. जोखीम मोठी आहे. पण जुनं कडक भिंग असेल तर ते सहसा खराब होत नाही. मग भिंगामागचा पातळ पापुद्रा धुरकटलाय, तो लेसरनं पाच मिनिटांत साफ होतो. नुसतं बघून माझी खात्री पटेना.”

“सर, उजेडालाच विचारू की,” शेजारी उभी असलेली तरुण संशोधक अपूर्वा म्हणाली. तिनं नांदेडहून आपलं यंत्र लातूरला आणलं होतं. डोळ्यात मंद उजेड सोडायचा आणि परत येणारा उजेड तपासायचा. प्रत्येक प्लास्टिकची खूण त्यात वेगळी उमटते. आजवर हे टेबलावरच्या भिंगांवर चाललं होतं. माणसाच्या डोळ्यावर वापरायची परवानगी नुकतीच मिळालेली.

“माय, डोळा हलवू नका.”

“म्या न्हाई हलवत. तुझा उजेडच लई हलायलाय, पोरी.”

यंत्राच्या पडद्यावर रेघ सरकत राहिली. सपाट. सपाटच. हणमंतनं डोळे मिटून घेतले. मग रेघेनं एकदम उसळी घेतली, पुन्हा घेतली. अपूर्वानं ती कडक प्लास्टिकच्या खुणेशी ताडून पाहिली, परत पाहिली आणि जागेवरच उडी मारली.

“कडक भिंग! जुनंच!”

डॉक्टर वाकून बघत राहिले. “शाब्बास गं! भिंगाला हातसुद्धा लावायचा नाही.”

लेसर झाला. दुपारी केवळाबाईंनी सगळ्यांकडं एकेकदा नीट पाहिलं आणि हणमंतवर खेकसल्या, “दाढी का वाढवलास रे? मायला दिसत न्हाई म्हणून व्हय?” हणमंतला हसावं का रडावं कळेना. त्यानं दोन्ही केलं.

मग कमरेची पिशवी सोडून त्यांनी कुंकवाची डबी काढली आणि थेट यंत्राकडं निघाल्या.

“माय, नको! काच बुजेल!” अपूर्वा हात पसरून आडवी आली.

केवळाबाईंनी तिच्याच कपाळावर, बरोबर मधोमध, ठसठशीत कुंकू टेकवलं.

“यंत्राला न्हाई गं बाई. आता दिसायलंय मला, कुणाला लावायचं ते.”