शिक्क्याचं पत्र

वणवा डोंगर उतरून वाडीच्या अंगावर आला होता. ओढ्यापलीकडच्या गावची माणसं मात्र ओल्या डहाळ्या हातात घेऊन नुसतीच उभी होती.

“अहो, या की अलीकडे,” वाडीच्या सरपंच अनसूयाबाईंनी हाक दिली.

“शिक्क्याचं पत्र द्या, ताई,” पलीकडचे सरपंच म्हणाले. “गेल्या शिमग्याला आपणहून वणवा विझवायला आलो, तर तुम्ही आमच्याच पोरांवर केस केलीत.”

खोटं नव्हतं ते. पलीकडच्या गावासोबतच्या गट ग्रामपंचायतीतून वाडी फुटली, तेव्हा वणव्यात एकमेकांच्या मदतीला धावायचा करार झाला. पत्राशिवाय हद्दीत पाऊल टाकायचं नाही, हे कलम अनसूयाबाईंनीच हट्टानं घातलं होतं.

कागदावर सही करून त्या शिक्का आणायला वळल्या. नव्या पंचायतीच्या छपरातून धूर निघत होता.