सरळ केलेली झाडं

अक्रोडाच्या अर्ध्या कवचात तिने करंगळीचं टोक घातलं, आतल्या लोकरीच्या टेकडीवर टेकवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेकडी कडक होती. तिची टेकडी कधीच अशी नसते. लोकरीत सुई टोचून टोचून ती टेकडी करते, पण शेवटी जरा मऊ ठेवते, झाड लावायला जागा राहावी म्हणून. आणि झाडं? तिने बोट फिरवलं. तिन्ही झाडं ताठ उभी, कवायतीला आल्यासारखी. तिच्या हातचं झाड जन्मात कधी ताठ उभं राहिलेलं नाही. ती उजव्या हाताने टोचते, झाड डावीकडे कलतं, आणि बघणाऱ्याला वाटतं आत वारा सुटलाय.

"हे माझं काम नाही," ती म्हणाली.

सून खोक्यात कापूस अंथरत होती. थोड्या वेळात दुकानवाली माल न्यायला येणार होती. तुमचंच आहे की आई, दुसरं कोण करणार, असं सून म्हणाली. पण फार पटकन म्हणाली. चोराच्या मनात चांदणं. तिने खोक्यातलं दुसरं कवच चाचपलं, मग तिसरं. तीच कडक टेकडी, तीच शहाणी झाडं. कोणी केलं, असं तिने पुन्हा विचारलं, तेव्हा सुनेने मला मध्ये घेऊ नका म्हणून हात वर केले आणि बाल्कनीकडे तोंड करून बाबांना हाक मारली.

म्हणजे घड्याळजी, तिचा नवरा! उभा जन्म या माणसाने डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केल्यापासून त्याचे हात नुसते शिवशिवत होते. घरातली घड्याळं झाली, शेजाऱ्यांची झाली. तिच्या कामाला मात्र त्याने आजवर 'अक्रोडात कापूस कोंबणं' याखेरीज दुसरं नाव दिलं नव्हतं.

वर्षभरापासून तिच्या नजरेच्या मधोमध धुकं साचलं होतं. ज्याच्याकडे रोखून बघावं, नेमकं तेच नाहीसं व्हायचं. डॉक्टरांनी हात टेकले होते. तरी ती बोटांनी चाचपत टोचत राहिली. मागच्या खेपेला दुकानवाली म्हणाली, काकू, हल्ली हात काय सफाईदार झालाय तुमचा. त्या एका वाक्यावर ती जगत होती. डोळे गेले तर गेले, हात सुधारतोय, असं तिने माहेरी फोन करकरून सांगितलं. नवऱ्यालाही जेवताना सांगितलं होतं. तो "हं" म्हणाला होता आणि ताटात बघत जेवत राहिला होता. ते "हं" आता तिला आठवलं आणि त्याचा गळा धरावासा वाटला.

घड्याळजी येऊन उभे राहिले. आढेवेढे घेतले नाहीत. तू दुपारी झोपलीस की जरा सारखं करून ठेवायचो, एवढंच, असं म्हणाले. तुझं लोकरीचं घर लोकरीच्याच नदीत बसायला लागलं होतं, झाडं कवचाच्या काठाबाहेर लागत होती, असंही म्हणाले.

"लोक हसले असते गं," ते म्हणाले. "मला ते बघवलं नसतं."

"हसले असते तर मला हसले असते. ते माझं होतं. आणि ते कौतुक कोणाचं होतं? सांगा ना, मी महिनाभर कोणाचं कौतुक मिरवत हिंडले?"

सून मध्ये पडली. बाबांनी चांगल्या मनानेच केलं, आजचा माल जाऊ दे, पुढचं पुढे बघू. "तू गप्प बस," ती म्हणाली. सगळ्या घराने मिळून माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीत, आणि तीही कसल्या डोळ्यांत, मेल्यांनो!

तिने मघाचं कवच उचललं आणि नवऱ्याने लावलेलं झाड चिमटीत धरून ओढलं. पण लोकर एकदा टोचली की टोचली. सुईच्या बारीक खाचा एकीचे तंतू दुसरीत असे गुंतवतात, की ब्रह्मदेव आला तरी ते वेगळे होत नाहीत. डिंकासकट सगळी टेकडीच हातात आली, नदी, घर, झाडं घेऊन. ती तिने त्यांच्या तळहातावर आदळली.

"यातली माझी लोकर कुठली आणि तुमची कुठली? लावा भिंग."

घड्याळजींनी टेकडी उलटी केली, सुलटी केली. त्यांना सांगता येईना.

"बसा समोर," ती म्हणाली.

तिने नवं कवच घेतलं. हिरवी लोकर आत दाबली आणि सुई चालवायला लागली. टेकडी झाली, एका बाजूला फुगलेली. मग तिने गडद हिरवा गोळा वळून झाड केलं, बोटांनी जागा शोधली आणि टोचलं. झाड टेकडीच्या पार कडेला लागलं आणि कवचाच्या काठावरून बाहेर लोंबायला लागलं. सुनेने ओठ दाताखाली धरला.

"हेच जाईल दुकानात," ती म्हणाली. "आवडलं तर घेईल, नाहीतर नाही घेणार."

ती दुसऱ्या झाडाची लोकर वळू लागली. मधलं दिसत नसलं, तरी कडेचं तिला अजून लख्ख दिसायचं. कडेने एक हात हळूच कवचाकडे सरकत होता.

"हात मांडीखाली घ्या," ती मान न वळवता म्हणाली.

घड्याळजींनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि ते झाडाकडे बघत बसून राहिले.