दोन दाते जास्त

"मागची स्प्रिंग अजून सैल कर," मुरलीधर म्हणाले. "उडी मारली की बेडकीसारखी उसळतेय."

अवधूतने रिमोटवर पळणारी, हातभर लांबीची रेसची बग्गी स्टँडवर उलटी ठेवली आणि स्प्रिंगची रिंग फिरवली. नॉटिंगहॅमच्या कडेच्या या शाळेच्या हॉलमध्ये, कार्पेटच्या ट्रॅकशेजारी, बापलेक असे बसत आले होते; अवधूतचं अख्खं बालपण त्याला साक्षी होतं. फरक इतकाच, की तेव्हा हत्यारं बाबांच्या हातात असत. आता बाबांनी चहाचा मग उचलला तरी हाताची थरथर टेबलाला कळायची.

गंमत अशी, की रिमोट हातात आला की तेच हात गप्प व्हायचे. सकाळच्या फेऱ्यांत सत्तरी उलटलेल्या या माणसाने निम्म्या वयाच्यांना मागे टाकून थेट मोठ्या फायनलमध्ये जागा पटकावली होती.

अवधूतने टाळ्या वाजवल्या. मनात नसलं तरी वाजवायलाच हव्या होत्या.

या फायनलवर पैज बाबांनीच लावली होती. अवधूतने त्यांच्यासाठी ब्रॅकनेलला, स्वतःच्या घराजवळ, केअर होम पाहून ठेवलं होतं. "फायनल पूर्ण केली, तर मी माझ्या घरातून हलणार नाही आणि तू त्या जागेचं नाव काढायचं नाहीस," बाबा म्हणाले होते. "मध्येच थांबलो, तर बॅग मीच भरीन." बाबा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. वर हसून म्हणाले, "मी लोकांना बेशुद्ध करून मग हलवायचो. तू शुद्धीत हलवतोयस. शूर आहेस."

अवधूतला बाप नकोसा झाला होता, असं कोणी म्हणू नये. त्याने फक्त हिशेब केला होता. जमेला काळजी होती. खर्चाला दर शनिवारची मोटरवेवरून नॉटिंगहॅमची खेप, बाबांचं जिन्यावरून घसरणं, एकदा उघडा राहिलेला गॅस. स्वतःच्या घरातली वरची खोली मात्र त्याने कुठल्याच बाजूला धरली नव्हती. तिथे त्याच्या बायकोचं, आसावरीचं, ऑफिस होतं. सोफाबेडही होता, पण तो पाहुण्यांसाठी.

जेवणाच्या सुट्टीत बाबा चहाच्या रांगेत गेले आणि अवधूतने मोटरवरचं पिनियन काढलं. पिनियन म्हणजे मोटरच्या टोकाचं इवलंसं दातेरी चाक. ते डबीत टाकून त्याने दोन दाते जास्त असलेलं बसवलं. दिसायला तसंच. त्यामुळे गाडी सुरुवातीला आणखी जोरात पळते. पण मोटरवर ताण येतो, ती तापत जाते, आणि फार तापली की गाडीतलं सर्किट आपणहून वीज तोडतं. गाडी उभी! अपघात नाही, मोडतोड नाही, कुणाचा दोष नाही. हे सगळं त्याला लहानपणी बाबांनीच शिकवलं होतं.

बाबा परत आले. "काय केलंस?"

"काही नाही. मोटर थोडा क्लीन केला."

"मोटर 'केली'. चाळिशी उलटली तुझी, मराठी अजून सरावाच्या फेरीतच आहे."

तेवढ्यात रेसची व्यवस्था बघणाऱ्या शशीने माइकवरून पुकारलं, की शेवटच्या, म्हणजे मोठ्या फायनलवाल्यांनी पहिल्या फायनलला मार्शल म्हणून ट्रॅकवर यावं. क्लबचा नियमच होता तसा. आपली रेस खेळायची, तर दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायला उभं राहायचं. बाबांच्या वतीने अवधूतच उभा राहत असे.

"जा तू," बाबा म्हणाले. "मी बसतो गाडीपाशी."

अवधूत नारिंगी जॅकेट चढवून वळणावर उभा राहिला. गाडी उलटली की धावत जाई, उचलून झटकन सरळ करी. परक्यांच्या बाबतीत तो नेहमीच तत्पर असे.

मग शेवटची फायनल लागली. बाबा रिमोट घेऊन चालकांच्या मंचावर चढले. त्यांची बग्गी पहिल्या वळणाला तिसरी होती, मग दुसरी झाली, आणि अर्ध्या रेसनंतर पहिली. अवधूत मोटरच्या थकण्याची वाट बघत होता. मोटर थकेना. आपलं गणित चुकलं की काय? पुढचे सगळे शनिवार त्याला रांगेत उभे दिसायला लागले.

शेवटची फेरी. शेवटचा सरळ पट्टा. पुढे कुणी नाही. मंचावरून बाबांची नजर गर्दीत अवधूतला शोधत होती. ती सापडली, त्याच्यावर क्षणभर थांबली, आणि अंतिम रेषा हाकेच्या अंतरावर असताना बग्गी मंदावली. अलगद उभी राहिली. मागच्या गाड्या तिला ओलांडून सूं करत निघून गेल्या.

अवधूतने आधी सुस्कारा सोडला, मग चेहरा पाडला.

"काका, हे काय!" शशी धावत आला. "जिंकलेली रेस! गाडीने दगा दिला का?"

"गाडी बिचारी चांगली आहे," बाबा म्हणाले. "हातच थांबला रे. वय झालं."

अवधूतला हायसं वाटलं. बाबांनी आळ हातावर घेतला, म्हणजे त्यांना काही कळलेलं नाही.

"बाबा, मग... ती प्लेस नेक्स्ट वीक बघून येऊ या?"

"बघायची कशाला? तू तारीखसुद्धा ठरवली असशील."

अवधूतने खिशातला मोबाइल चाचपला.

"उद्या बॅग भरतो. ही गाडी मात्र तुझ्याकडे ठेव."

"का? तिथे मोठा गार्डन आहे, बाबा."

"असू दे. तुला लागेल पुढे."

बाबा कोट आणायला गेले. तेवढ्यात पिनियन बदलून टाकावं म्हणून अवधूतने घाईघाईने बग्गीचं झाकण उघडलं, चटका बसू नये म्हणून बोटांना फडकं गुंडाळलं आणि मोटर धरली. ती नुसती कोमट होती. तिच्यावर जुनंच, लहान पिनियन बसवलेलं होतं, आणि त्याच्या बारीक स्क्रूभोवती, थरथरत्या हाताने पुन्हा पुन्हा नेम धरल्याचे ओरखडेच ओरखडे होते.