सहावी चौकट

अ‍ॅनिमेशन फिल्मआधी स्टोरीबोर्ड काढायचा, हे तिचं रोजचंच काम. विसरायला लागलेल्या बाबांचा दिवसही तिने तसाच सहा चौकटींत काढून फ्रिजवर चिकटवला. उठणं, चहा, गोळ्या, जेवण, दुपारची झोप आणि शेवटी दारातून आत येणारी ती. कच्च्या चित्रात डोकी म्हणजे नुसते गोल.

"ही कोण?" बाबांनी विचारलं.

"मी."

"मग नाक-डोळे काढ की. मला ओळखायला नको?"

तिने बसून स्वतःचा चेहरा नीट काढला, भुवईवरच्या व्रणासकट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली, तेव्हा बाबा तो कागद घेऊन दारातच उभे होते. त्यांनी कागद तिच्या चेहऱ्याशेजारी धरून पाहिला.

"बसा," ते म्हणाले. "दिसता खऱ्या थोड्या तिच्यासारख्या. येईलच ती इतक्यात."