जमुनाबाईची जबानी

"मंग त्याच्या मायले इचारलं का कोनी?" जमुनाबाईनं विचारलं.

उद्धव मास्तरांनी पुस्तकावरून नजर उचलली. सकाळपासून अकोल्याच्या बाजारात चार ठिकाणी उभं राहून उपदेश करून त्यांचा घसा बसला होता. "कुणाच्या आईला?"

"त्या येशूच्या. त्यानं साऱ्यायचं पाप आपल्या आंगावर घेतलं म्हन्ता. देवानं त्याले मरू देल्लं. मायले इचारलं व्हतं का?"

"तसं पुस्तकात नाही. ती क्रुसाजवळ उभी होती, एवढंच आहे."

"मारनाऱ्यायले शाप देल्ला तिनं?"

"तेही नाही."

म्हातारी मिशनच्या दवाखान्याच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. होळीच्या सुमारास ती चांदूर बाजारहून एका कापसाच्या गाडीवर बसून आली होती. पाय सुजलेले, पोटात पाणी. डॉक्टरांनी ते दोनदा काढलं होतं. तिसऱ्यांदा काढायची वेळ येणार नाही, असं त्यांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं.

नऊ वर्षांत मास्तरांच्या हातून एकाचाही बाप्तिस्मा झाला नव्हता. कुठल्याशा दूरच्या मुलखातल्या लढाईनं वऱ्हाडच्या कापसाला दिवस आले होते. रस्त्यावर बैलगाड्या इतक्या, की मास्तरांचा आवाज चाकांखालीच जायचा. थांबून ऐकणारी ही एकटीच.

"तुमचा देव न्याय करते का माफ करते?" तिनं विचारलं. "दोनी कसं जमन?"

"शिक्षा टळत नाही," मास्तर म्हणाले. "पण ती दुसऱ्यानं आपणहून स्वतःवर घेतली, तर न्यायही होतो आणि दयाही." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की आता त्यांना ते ऐकू येत नव्हतं.

"कठीन हाय," जमुनाबाई म्हणाली आणि भाकर फडक्यात बांधू लागली.

भाकर पुंजारामसाठी होती. हा गाडीवान कोठडीत होता. एका सेठच्या कापसाच्या आवाराला होळीनंतर लगेच आग लावल्याचा त्याच्यावर आरोप होता. आवाराच्या मुकादमानं चाबकानं त्याच्या बैलाचा डोळा फोडला होता, म्हणून संशय त्याच्यावर आला. लावताना कुणी पाहिलं नव्हतं आणि तो नाही म्हणत होता. दाबलेला कापूस भडकत नाही, आतल्या आत धुमसतो; बाहेरून काही कळत नाही. गाठी तीन दिवस धुमसल्या. आत झोपलेला राखणदार धुरानं मेला. त्यामुळे प्रश्न फाशीचा होता, आणि निकाल सोमवारी. पुंजारामच्या बायकोच्या कडेवर दोन महिन्यांचं मूल होतं.

"तुझा कोण लागतो तो?" मास्तरांनी एकदा विचारलं होतं.

"कोनी नाई. भूक त्यालेबी लागते न."

कोठडीवरचा शिपाई मास्तरांची थट्टा करी. "तुमची म्हातारी खुन्याले पोसून राह्यली, मास्तर! गजाले तोंड लावून दोघं काय गुनगुनतात, देव जाने. त्याले बाटवाचा इचार हाय का?"

शनिवारी तिला उठता येईना. तिनं मास्तरांना जवळ बोलावलं.

"कचेरीतल्या मानसाले बलावा. तो इस्तो म्या लावला."

मास्तर खाटेच्या कडेवर बसले. रोजची भाकर, देवाच्या माफीची चौकशी. सगळं जागच्या जागी बसलं. अपराधी मन स्वस्थ बसू देत नाही, हे त्यांनी कितीदा सांगितलं होतं. पाहत मात्र पहिल्यांदाच होते.

कारकून आला. खाटेशेजारी बसून त्यानं दौत उघडली.

"काहून लावली आग?"

"मुकादमानं मले फाटकातून हाकललं."

"आत कशी गेली?"

"मांगच्या आंगानं. कापूस ओला करतात त्या हिरीपाशी काट्याच्या कुंपनाले भोक हाय. वर फांदी टाकून ठेवेल हाय, म्हनून दिसत नाई."

कारकुनानं शिपाई पाठवला. फांदी होती आणि खाली भोकही होतं. आजवर ते कुणाला सापडलं नव्हतं.

"लेकरंबाळं?" कारकुनानं शेवटी विचारलं.

"एक हाय. आग द्याले येईन तो."

तिनं कागदावर अंगठा उठवला. कारकून गेल्यावर मास्तर पाण्याचं भांडं घेऊन आले.

"जमुनाबाई, तू खरं सांगितलंस. आता बाप्तिस्मा घे."

"नको मास्तर. तुमच्या देवासमोर खोटं चालत नाई म्हन्ता न?"

"पण तू तर कबूल केलंस!"

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मास्तरांनी ते पाणी तिलाच प्यायला दिलं.

सोमवारी पुंजाराम सुटला. बुधवारी सकाळी जमुनाबाई गेली.

मास्तरांनी चांदूर बाजारला निरोप धाडला नाही. तिच्या मुलाचं नावही त्यांना माहीत नव्हतं. चार हमाल मिळवून त्यांनी तिला मोर्णेच्या काठी नेलं, लाकडं रचून घेतली आणि ‘येईन तो’ या तिच्या शब्दावर ते मुलाची वाट बघत बसले. ऊन चढलं. हमालांची चुळबुळ सुरू झाली. "मास्तर, गाड्या खोळंबून राह्यल्या तिकडं. तुमीच द्या न आग, तुमाले कुठं जात लागते!"

तेवढ्यात नदीच्या उतारावरून एक माणूस येताना दिसला. डोकं भादरलेलं, हातात गाडगं, गाडग्यात विस्तव. जवळ आल्यावर मास्तरांनी ओळखलं. पुंजाराम होता.

"तू?" मास्तर उठून उभे राहिले. "तिचा मुलगा तू?"

पुंजारामनं गाडगं खाली ठेवलं आणि म्हातारीच्या सुजलेल्या पायांवर डोकं टेकवलं.

"नाई जी," तो म्हणाला. "तिचा पोरगा त्या आवारात राखनदार व्हता. इस्तो म्याच लावलता."