सुलूची नोंद

चहाचा कप तसाच हातात धरून प्राजू दारात थिजली. 'तिसरा भोंगा' बँडची गायिका हेमांगी रेंदाळकर स्वतः तिच्या घरी आली होती.

"आमच्या बँडचा ऑनलाइन कोश तुम्हीच चालवता ना? अपघातात माझ्या सगळ्या आठवणी पुसल्या गेल्या. डॉक्टरांनी तुमच्या कोशावरून त्या पुन्हा माझ्या डोक्यात भरल्या. तुमचे फार उपकार आहेत."

नऊ वर्षं प्राजूनं चाहत्यांकडून तिकिटं, कॅसेटी, जुन्या मुलाखती गोळा केल्या होत्या. तिला रडूच फुटलं.

"एकच मागणं आहे," हेमांगी म्हणाली. "माझ्या धाकट्या बहिणीचा, सुलूचा, एखादा फोटो असेल तर द्या. पंचगंगेच्या पुरात तिचा हात माझ्या हातून सुटला. तो अजून रोज सुटतो."

प्राजूच्या पायाखालची जमीन सरकली. दुसरे साइटवाले तिचा कोश जसाच्या तसा उचलायचे. त्यांना रंगेहाथ पकडायला तिनं मुद्दाम एक खोटी नोंद घुसडून ठेवली होती; ती त्यांच्या साइटवर दिसली की चोरी उघड. ती नोंद म्हणजे सुलू.

"ताई, सुलू कधी नव्हतीच हो! ती मी रचली. चोर पकडायला."

हेमांगी एक पाऊल मागे सरकली.

"आईसुद्धा हेच म्हणत होती. तिला म्हणे मी एकटीच मुलगी. म्हणून तर मी तिला घराबाहेर काढलं." तिनं आपला उजवा पंजा उघडून पाहिला. "तुम्हालाही आईनंच पढवलंय ना?"