सरपंचबाईंचा शिक्का

"आई, शिक्का कुठं ठेवलास?" जयराजने ग्रामपंचायतीच्या टेबलाचा तिसरा खण खसकन ओढला.

सरपंच राजेश्वरीने मूठ पदराखाली घट्ट धरली. शिक्का मुठीतच होता. "असंल की हितंच कुठंतरी," ती म्हणाली आणि उगीचच रजिस्टर चाळू लागली.

परवा सांगलीला सैन्यभरती होती. बारावी झालेल्या पोरांना अविवाहित असल्याचा दाखला हवा होता, खाली सरपंचाची सही आणि शिक्का. आठ दिवसांत अकरा पोरं दाखले घेऊन गेली. प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून राजेश्वरीने शिक्का उमटवला. बारावा कागद मात्र तिच्या एकुलत्या एका लेकाचा निघाला आणि तिचा जीव खालीवर होऊ लागला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. नवरा सतरा वर्षं फौजेत, अजूनही सीमेवरच. अवेळी फोन वाजला की काळजात काय होतं, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

अकरावा दाखला राहीबाईच्या सोपानचा होता. राहीबाई ग्रामपंचायतीत झाडलोट करायची. काल तिने हात जोडले होते, "वैनी, शिक्का हरवलाय म्हणून सांगा की त्याला. माझं ऐकत न्हाई त्यो."

राजेश्वरीने तिलाच सुनावलं होतं, "देशाचं काम हाय, राहीबाई. आईनं आडवं यायचं नसतंय." आणि तिच्या डोळ्यांदेखत शिक्का मारला होता.

आता तीच राहीबाई कोपऱ्यात वाकून झाडू मारत होती. तिथून पदराखालची मूठ सरळ दिसत होती. राजेश्वरीला वाटलं, आता ही काल गिळलेलं सगळं बाहेर काढणार, आणि तेही पोरासमोर.

"काकू, तुमी तरी बघितला का शिक्का?" जयराजने विचारलं.

राहीबाईचा झाडू थांबला. तिने मुठीकडे पाहिलं, मग राजेश्वरीच्या तोंडाकडे.

"न्हाई रं बाबा. हरवला असंल."

जयराज चरफडत गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडला. ग्रामसेवकाच्या घरी बघून येतो म्हणाला.

राजेश्वरीने हळूच विचारलं, "राहीबाई, माझ्यासाठी खोटं कशाला बोलला?"

राहीबाईने वर न बघताच केर सुपलीत भरला.

"एक तरी आई सुटू दे की, वैनी."

राजेश्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर गाडी सुरू झाली होती. ती धडपडत उठली, दारापर्यंत पळाली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"जयराज, फिर माघारी! शिक्का माझ्यापाशी हाय!"